रमजानपासून ‘सिक्स्टी फाईव्ह’चा गाडा लावतोय. हलालचं आणि स्वच्छतेचं नेमकं काय काय बघू?

अत्तारांची सून

सलाम आणि नमस्कार.

आम्ही फलटणचे. मिस्टर दुधाच्या टेम्पोवर होते, ते काम दिवाळीनंतर सुटलं. आता ते आणि माझा धाकटा दीर मिळून एसटी स्टँडच्या बाजूला चिकन सिक्स्टी फाईव्हचा गाडा लावणार आहेत. पहिला रोजा हाच दिवस धरलाय. गाडा जुना मिळाला, कढई आणि झारे आले, शेगडी आली. चिकन धुणं, मसाला लावणं हे घरी माझ्याकडं आणि सासूबाईंकडं.

गाडा लागायच्या आधीच घरात वाद लागलेत. सासूबाईंचं म्हणणं असं, की पाटीवर ‘हलाल’ लिहायचं तर जे आपण डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं कसं? म्हणून त्या स्वतः चिकनच्या दुकानासमोर जाऊन उभ्या राहिल्या, नाकाला पदर लावून. मालक आपल्यातलेच आहेत, पण कापणारी पोरं बदलत असतात. त्या दिवशीचा पोरगा कानात इयरफोन घालून एकामागून एक कोंबडी कापत होता आणि निळ्या ड्रममध्ये टाकत होता. सासूबाईंनी विचारलं, “बेटा, बिस्मिल्ला पढतोस ना?” त्यानं एका कानातलं काढून सांगितलं, “हो आजी, सकाळी दुकान उघडताना एकदाच म्हणतो, सगळ्यांची मिळून.” सासूबाई तिथून चिकन न घेता परत आल्या. त्यांचा ब्लडप्रेशर अजून खाली आलेला नाही.

मिस्टर म्हणतात, रंग टाकल्याशिवाय गिऱ्हाईक ढुंकून बघणार नाही. दीर म्हणतो, दुपारीच सगळं अर्धं तळून ठेवू, इफ्तारच्या गर्दीत नुसतं परत तेलात सोडायचं. आणि मला घोर आहे तो पाण्याचा. तिथं नळ नाही. शेजारचे गाडेवाले एका बादलीत प्लेटा बुचकळून काढतात, आणि त्या पाण्याचा रंग संध्याकाळी काय होतो ते मी बघून आलेय. रमजानमध्ये ‘हलाल आहे का’ हे दहा जण विचारतील, ‘हात कुठं धुतलात’ हे एकही विचारणार नाही. पण म्हणून सोडून द्यायचं का?

मला फतवा नको आणि लेक्चरही नको. गाड्यावर उभं राहिलेल्या माणसानं सांगितलं तर बरं होईल.

---

पावट्याची आमटी

ताई, मी गिऱ्हाईक आहे, तेवढ्या हक्कानं सांगतो. बारामतीत ज्या गाड्यावर आम्ही जातो तिथं रंग नाही. तरी रांग असते. दुसऱ्या एका गाड्यावर खाल्लं तर दुसऱ्या दिवशी आंघोळ केल्यावरही बोटं लाल होती. बायको म्हणाली, पोटात काय झालं असेल ते देवालाच माहीत. तेव्हापासून त्या गाड्याकडं वळलो नाही.

हलालचं मला काही नाही. पण बदाबदा घाम पुसून त्याच हातानं कांदा उचलणारा दिसला की मी गाडी पुढं काढतो.

---

मिरजेचे चाचा

बेटी, सासूबाईंना माझा सलाम सांग. दुकानासमोर जाऊन उभं राहणारं माणूस घरात आहे म्हणजे निम्मं काम झालं.

मी मिरजेत दर्ग्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर गाडा लावतो, अब्बांच्या पश्चात. आमचे आजे तासगाव तालुक्यातल्या एका गावचे मुलाणी. हल्लीच्या पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो, गावगाड्यात मुलाण्याचं काम हेच. यात्रेला पाटलाच्या, माळ्याच्या, धनगराच्या दारात बकरं पडायचं ते आज्याच्या हातानं. बदल्यात सुगीला धान्य आणि त्या दिवशी मटणाचा वाटा. घरातलं कुणी मुसलमान नव्हतं, तरी मुलाण्यानं पढल्याशिवाय बकऱ्याला सुरी लावत नसत. कित्येक गावात आजही तसंच चालतं.

आज्याची रीत ठरलेली होती. सुरीला धार घरूनच लावून न्यायची, बकऱ्याच्या डोळ्यांदेखत नाही. आधी बकऱ्याला पाणी पाजायचं. दुसरं बकरं बांधलेलं असलं तर ते गोठ्याच्या मागं न्यायला लावायचं. कुणी घाई केली की आजा सुरी फडक्यात गुंडाळायचा आणि पायरीवर बसून राहायचा. पाटलाला तोंडावर थांबा म्हणणारा गावात तो एकटाच असेल. तो म्हणायचा, जनावर दोनदा मारू नका, एकदा भीतीनं आणि एकदा सुरीनं.

आता तुमच्या इयरफोनवाल्या पोराकडं येऊ. सगळ्यांची मिळून एकदा, हे चालत नाही. कोंबडी बदलली की नाव पुन्हा घ्यायचं, ‘बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर’, आणि सुरी फिरवतानाच. त्याला वेळ किती लागतो? श्वास घ्यायला लागतो तेवढा. श्वासनळी, अन्ननळी आणि दोन्ही बाजूच्या शिरा कापल्या गेल्या पाहिजेत, मुंडकं मात्र एका घावात वेगळं करायचं नाही. मग कोंबडी थंड होऊ द्यायची. ड्रममध्ये फडफड चालू असताना वरून दुसरी, तिसरी टाकली की खालची रक्त जाऊन मरते का घुसमटून, कुणाला कळणार? त्यात विष्ठा, पिसं, रक्त सगळं एकत्र कालवलं जातं. रक्त नीट निथळलं नाही तर ते मांस लवकर वास मारतं, हे सांगायला मौलाना लागत नाही, नाक लागतं.

दुकान बदला. मोठं दुकान बघू नका, रिकामं दुकान बघा. झुहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर गर्दी नसते, तेव्हा जायचं. जिवंत कोंबडी दाखवून घ्यायची आणि समोर कापून घ्यायची. कापून ठेवलेल्या तुकड्यांचा ट्रे कितीही स्वस्त दिला तरी घ्यायचा नाही, तो सकाळचा आहे का कालचा ते मालकालाही आठवत नसतं. ठोकळ्याकडं बघा. लाकडाच्या चिरांमध्ये काळं साचलेलं दिसलं तर मागं फिरा. दुपारी घेतलेलं चिकन तासाभरात मसाल्यात आणि मसाल्यातून बर्फात गेलं पाहिजे.

घरी धुताना आमच्या बायका नळाखाली धो धो पाणी सोडतात, रक्त जावं म्हणून. भावना बरोबर आहे, पण ते शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. खोल पातेल्यात पाणी घेऊन आत हात फिरवायचा आणि पाणी बदलत राहायचं. वाहतं रक्त नापाक, ते गळा कापताना गेलं. मांसाच्या रेषांमध्ये राहिलेली लाली माफ आहे, ती पांढरी होईस्तोवर धूत बसायची गरज नाही. चिकनची विळी आणि कांद्याची विळी वेगळी. याबाबतीत घरात कुणाचं ऐकायचं नाही.

रोज्यात आणखी एक अडचण असते, चव घेता येत नाही. जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकायची सवलत आहे म्हणतात, पण गाड्याच्या मसाल्याला ते शोभत नाही. मीठ वजनावर घ्यायचं. मी किलोला बारा ग्रॅम धरतो, आलं-लसूण, मिरची, धणे सगळं छोट्या काट्यावर. वजन एकदा बसलं की रमजान संपल्यावरही चव चुकत नाही.

पाण्याचं सांगतो, कारण खरी मेख तिथंच आहे. गाडा घाण असतो तो माणूस घाणेरडा म्हणून नाही, पाणी विकत घ्यावं लागतं म्हणून. ज्यानं वीस लिटरचा जार पैसे मोजून आणलाय, तो हात धुवायला ते पाणी कसं सोडेल? म्हणून हात धुवायचं पाणी वेगळं करायचं. घरून भरून आणलेलं पन्नास लिटरचं तोटीचं पिंप गाड्याच्या मागच्या बाजूला बांधा, खाली खरकट्या पाण्याची बादली आणि तोटीला साबणाची वडी दोरीनं लटकवा. तोटी पाहिजेच. मगानं पाणी घेतलं की मगाला चिकनचा हात लागतो आणि पुढचा माणूस तोच मग धरतो. पिण्याचं पाणी जारमधलं, झाकलेलं. प्लेटा धुवायच्याच नाहीत. पत्रावळीचे द्रोण घ्या, थोडे महाग पडतात, पण ती बुचकळायची बादलीच गाड्यावरून जाते.

आणि वजूवर, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुतो त्यावर, विसंबू नका. आमच्यातले लोक म्हणतात, आम्ही पाच वेळा हात धुतो. धुतो, पण वजूला साबण नसतो, आणि असर ते मगरिबच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरापासून सूर्यास्तापर्यंतच्या नमाजांच्या, मध्ये चिकन कालवणारा हात वजूनं साफ होत नाही. आमच्या रस्त्यावर एका गाड्यावर ‘सफाई आधा ईमान है’ अशी झकास रंगवलेली पाटी आहे. तिच्याखालीच पोतेऱ्याचं फडकं वाळत टाकलेलं असतं. त्याच फडक्यानं टेबल, त्यानंच झारा, त्यानंच कपाळ.

पैसे घेणारा हात वेगळा. तुमच्याकडं दोघं आहेत, हे नशीब समजा. एकानं तळायचं, दुसऱ्यानं गल्ला बघायचा, रात्री दुकान आवरेपर्यंत अदलाबदल नाही. आता फोनवर पैसे येतात, तेवढं सोपं झालं. कच्चं तेलात सोडायला एक चिमटा, तयार काढायला झारा. कच्च्याचा चिमटा तयार मालाला लागला की सगळं पाण्यात.

चटणी. गाड्यावरची सगळ्यात दगाबाज वस्तू चिकन नाही, पुदिन्याची चटणी. ती कच्ची, ओली, वर लिंबू, वर बाहेरचं पाणी, आणि संध्याकाळपासून रात्रीपर्यंत उघड्या वाडग्यात एकच चमचा. उकळून गार केलेल्या पाण्यात वाटा, पुदिना तीनदा धुवा, छोट्या झाकणाच्या बाटल्या भरा आणि लागेल तशी एकेक उघडा. रात्री उरली की गटारात. कांदाही लागेल तसा चिरायचा, पाटी भरून चिरून ठेवलेला कांदा दोन तासांत पाणी सोडतो.

अर्धं तळून ठेवण्याचं तुझ्या दिराच्या डोक्यातून काढून टाक. त्यापेक्षा तुकडे लहान करा, सुपारीएवढे. सात-आठ मिनिटांत आतपर्यंत होतात, गिऱ्हाईक तेवढं थांबतं. समोर तळताना बघितलं की उलट जास्त घेतं.

रंगाचं म्हणशील तर ब्याडगी. तिचं सविस्तर मग सांगतो, मगरिबची वेळ होत आली.

---

निवृत्त निरीक्षक

अन्नसुरक्षेच्या कामात नोकरी गेली, त्यामुळे चाचांच्या लिहिण्याला थोडी जोड देतो.

अर्धं तळणं सगळ्यात धोक्याचं, आणि लोकांना वाटतं त्याच्या नेमकं उलट कारणानं. समज असा असतो की ‘परत तळलं की जंतू मरतात’. मरतात. पण माणसाच्या हातावर, नाकात असणारा स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू कोमट तुकड्यावर वाढताना एक विष सोडतो, आणि ते विष तळल्यानं जात नाही. जंतू मेला तरी उलट्या व्हायच्या त्या होतातच. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात शिजवलेलं अन्न फार वेळ पडू द्यायचं नाही, हा साधा हिशेब. मसाला लावलेलं चिकन ५ च्या खाली, तळताना तुकड्याच्या गाभ्यात ७५. मांसात खुपसायचं थर्मामीटर तीन-चारशे रुपयांत मिळतं. पहिल्या आठवड्यात वापरा, मग नजर बसते.

मे २०२४ मध्ये मुंबईत मानखुर्दच्या बाजूला गाड्यावरचा चिकन शोरमा खाऊन १९ वर्षांच्या मुलाचा जीव गेला आणि विक्रेत्यांना अटक झाली. हे घाबरवायला लिहीत नाही. पण उरलेलं चिकन उद्या चालवायचा मोह होतो तेव्हा ही गोष्ट आठवावी.

बर्फ: महाराष्ट्रात जून २०१८ पासून न खाण्याचा बर्फ निळा करणं कारखान्यांना बंधनकारक केलं गेलं. डब्याच्या बाहेरून गारवा द्यायला तो चालतो, डबा मात्र घट्ट झाकणाचा स्टीलचा हवा. चटणीत, सरबतात, फालुद्यात तो पडता कामा नये. रमजानमध्ये शेजारी सरबताचा गाडा असतो, तो उसना बर्फ मागायला येतोच. देऊ नका.

तेल: वापरलेल्या तेलात खराब होणाऱ्या घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गाड्यावर प्रयोगशाळा नसते. तेल काळपट झालं, फेस जाईना, लवकर धूर यायला लागला की ते गेलं. शक्यतो तीनपेक्षा जास्त वेळा तापवू नये. आणि जुन्या तेलात नवं ओतून ‘भर घालणं’ बंद. त्यानं जुनं सुधारत नाही, नवं बिघडतं.

रंग: मांसाच्या अशा पदार्थांत कृत्रिम रंग घालायला परवानगी नाही. कर्नाटकानं जून २०२४ मध्ये कबाबांतल्या कृत्रिम रंगावर वेगळी बंदीच घातली, नमुन्यांत सनसेट यलो आणि कार्मोइझिन सापडल्यावर. जिलबीचा म्हणून मिळणारा रंग चिकनवर टाकायचा नाही, विषय संपला. छापील वर्तमानपत्रात गरम तळण बांधून देऊ नका, शाई तेलात उतरते.

गाड्याची नोंदणी अन्नसुरक्षा खात्याच्या फॉसकॉस पोर्टलवर होते, १४ आकडी क्रमांक मिळतो, तो गाड्यावर दिसेल असा लावा. तळणाऱ्याची वर्षातून एकदा डॉक्टरी तपासणी आणि टायफॉइडची लस. जुलाब लागलेत त्या दिवशी गाड्यावर उभं राहायचं नाही, भाऊ असो की नवरा.

---

सय्यद सर

फतवा नको म्हणालात, म्हणून शिक्षकाच्या नात्यानं लिहितो. मी शाळेत गणित शिकवतो आणि संध्याकाळी मोहल्ल्यातल्या पोरांना दीनियात, म्हणजे धर्माचं शिक्षण.

खाणाऱ्यासाठी नियम सोपा आहे. पैगंबरसाहेबांच्या पत्नी हजरत आयशा यांनी सांगितलेली गोष्ट आहे, की काही लोकांनी पैगंबरसाहेबांना विचारलं, आमच्याकडं मांस येतं, त्यावर अल्लाहचं नाव घेतलंय की नाही कळत नाही. उत्तर मिळालं, तुम्ही नाव घ्या आणि खा. म्हणजे पाहुणा म्हणून गेलात, बाजारात मुसलमानाच्या दुकानातून घेतलंत, तर खोदून खोदून विचारत बसायचं नाही. पण तुमच्या सासूबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय की तो पोरगा प्रत्येक कोंबडीवर नाव घेत नाही. ऐकल्यावर न ऐकल्यासारखं करता येत नाही. त्यांनी चिकन परत ठेवलं ते बरोबरच केलं. मालकाला भेटून शांतपणे सांगा. बहुतेकदा मालकाला हे माहीतच नसतं.

विकणाऱ्याचा नियम कडक आहे. धान्याच्या ढिगाची हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांची आठवण, सगळ्यांना पाठ असते. पैगंबरसाहेब बाजारातून जाताना एका ढिगात हात घालतात, आतून धान्य ओलं लागतं. विक्रेता म्हणतो, पाऊस लागला. ते म्हणतात, मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. जो फसवतो तो आमच्यातला नाही. आता कालचं उरलेलं चिकन आजच्या मसाल्यात मिसळणं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा. ‘हलाल’ लिहिलेल्या पाटीखाली ते केलं तर पाटी खोटी ठरते, कोंबडी कितीही नीट कापलेली असो.

भांडी झाकून ठेवा असंही हदीसमध्ये आहे, रात्री तर आवर्जून. गाड्यावरची चटणी झाकायला यापेक्षा वेगळं कारण लागू नये.

व्हिनेगर वापरत असाल तर शंका नको, सिरका हलालच आहे. सोयासॉस मात्र बाटलीवरचं वाचून घ्या, अल्कोहोल आहे का ते.

---

हर्णैवाला

आमचा गाडा नाही, टपरी आहे, बंदराकडं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, त्यामुळे कोळंबी, कुर्ल्या, कालवं सगळं तव्यावर. घाटावरून येणारे आपले पाहुणे बहुतेक हनफी, त्यांचे खाण्याचे नियम वेगळे. त्यातले कितीतरी जण कुर्ली खात नाहीत, काही कोळंबीलाही हात लावत नाहीत. पहिल्यांदा आमच्या मामूंना वाटायचं, नखरे करतात. मग ठरवलं, मासळीचं तेल वेगळं, चिकनचं वेगळं, आणि कुर्लीची कढई तिसरी. कुणी विचारलं तर कढई बोटानं दाखवायची, वाद घालायचा नाही.

तुम्हांला हे सांगायचं कारण, रमजानमध्ये दीर म्हणेल, त्याच कढईत मासेही तळू, पनीर सिक्स्टी फाईव्हही काढू. शाकाहारी गिऱ्हाईक स्टँडवर भरपूर असतं. पण चिकनच्या तेलातलं पनीर ‘व्हेज’ म्हणून देणं हाही विश्वासघातच. झेपत नसेल तर एकच पदार्थ ठेवा. आमच्याकडं जागा आहे म्हणून तीन कढया, गाड्यावर जमणार नाही.

---

सदाशिव_२१

राग मानू नका. पण व्हॉट्सअॅपवर सारखे व्हिडिओ येतात, अन्नावर थुंकतात, फुंकतात वगैरे. घरचे म्हणतात त्यांच्या गाड्यावर खाऊ नको. मी खातो, पण उत्तर देता येत नाही. हे फातिहा पढून फुंकण्याचं काही खरं असतं का?

---

मिरजेचे चाचा

राग कशाला, विचारलंत हे बरं केलंत. मनात ठेवून पुढच्या गाड्यावर गेला असतात तर ते वाईट.

फातिहा घरी होते, शबे-बारातला, बुजुर्गांच्या नावानं, ताटासमोर बसून. पढून पाण्यावर दम करतात, म्हणजे फुंकर घालतात, तो आजारी माणसासाठी, जो मागायला येतो त्याच्यासाठी, घरात नाहीतर दर्ग्यात. ते पाणी विकत नाहीत. सिक्स्टी फाईव्हवर दम कोण करतंय साहेब, गर्दीत श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि खरं म्हणजे पिण्याच्या भांड्यात फुंकर मारायला आमच्याकडं मनाईच आहे, चहा गरम असला तरी.

बाकी थुंकणारा माणूस कुठल्याही जातीचा असला तरी त्याच्या गाड्यावर खाऊ नका, एवढं साधं आहे. तंबाखू मळून त्याच हातानं भज्यांचं पीठ कालवणारे मी सगळ्या रंगांच्या झेंड्याखाली बघितलेत. तुम्ही गाड्यासमोर उभे राहा, पाच मिनिटं नुसते बघा. तोटी आहे का, झाकणं आहेत का, पैशाचा हात कुठला. नाव विचारायच्या आधी हे विचारा. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवर मालकांची नावं पाटीवर लावायला सांगितली होती, सुप्रीम कोर्टानं ते थांबवलं आणि सांगितलं, पदार्थ कुठला ते लिहा. माझ्या मते नावाबरोबर पाण्याच्या पिंपाचा फोटो मागितला असता तर मी स्वतः लावला असता.

माझा गाडा दर्ग्याच्या वाटेला असूनही निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक तुमच्यातलं आहे. उरुसात तर विचारूच नका.

हां, बेटी, ब्याडगी राहिली. किलोला आठ-दहा मिरच्या, देठ आणि बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, त्याच पाण्यात गंधासारख्या वाटायच्या, आणि चमचाभर गरम तेलात ते वाटण परतून गार करून मग चिकनला लावायचं. कच्चं लावलं तर रंग तेलात उतरतो आणि तेल लवकर काळं होतं. तिखटपणासाठी वेगळी लवंगी घ्या, ब्याडगीकडून तिखटाची अपेक्षा करू नका. रंग जिलबीसारखा भडक येणार नाही, विटकरी येईल. मिस्टरांना सांग, विटकरी म्हणजे खरा, असं गिऱ्हाइकाला सांगायचं. दोन दिवसांत तेच इतरांना सांगायला लागतं. अंडं मसाल्यात आधी घालू नको. एका वेळी जेवढं तळायचं तेवढंच वाटीत घेऊन त्यात अंडं आणि कॉर्नफ्लोअर. सगळ्या चिकनमध्ये आधीच फोडलंस तर रात्री उरलेलं घरातही खाता येणार नाही.

---

अत्तारांची सून

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. आजोबांनी सुरी फडक्यात गुंडाळली तिथं त्यांनी परत वाचायला लावलं.

दुकान बदललं. गल्लीच्या टोकाला एक म्हातारे चाचा एकटेच बसतात, किलोला थोडे जास्त घेतात. एकेक कोंबडी हातात घेऊन पढतात, आणि ती थंड होईपर्यंत बिडी ओढत बसतात. बिडीबद्दल सासूबाई काहीतरी बोलणार होत्या, मी त्यांना ओढून आणलं. आता बिडीनंतर हात धुवायला लावायचं मिस्टरांनी अंगावर घेतलंय.

पिंपाला तोटी बसवून घेतली. पत्रावळीचे द्रोण कऱ्हाडहून भाऊ पाठवणार आहे. पनीर बंद, फक्त चिकन. रंगावर मिस्टर अजून कुरकुरतात, पण निरीक्षक साहेबांचं लिहिणं वाचून गप्प बसले. नोंदणीचा अर्ज सायबर कॅफेत भरला.

एकच अडलंय. दीर टायफॉइडची सुई घ्यायला तयार नाही. म्हणतो, मी फक्त गल्ला बघणार, मला कशाला?

---

मिरजेचे चाचा

गल्ला बघणारा मिस्टर नमाजला गेले की झारा हातात घेतोच. दोघांनीही घ्यायची. रमजान लागायच्या आधी घेऊन टाका, रोज्यात ताप आला तर पुन्हा तोच म्हणेल, सुईमुळं रोजा सुटला.